घरच्या घरी छोटं पॅल्युडेरियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याच्या काठावर थोडा वेळ बसा. तळाशी काळे दगड दिसतात. काही झाडांचे पाय पाण्यात आणि डोकं बाहेर असतं. त्यांच्या वर ओला कातळ, कातळावर मॉस आणि फटीत नेचे. हे तीन थर हाताच्या अंतरात मावतात. पॅल्युडेरियम करायचं म्हणजे तो काठ काचेच्या पेटीत उभा करायचा. खाली दिलेले प्रश्न नव्याने सुरू करणारे लोक मला नेहमी विचारतात. उत्तरं ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ४५ उंच अशा घरगुती पेटीला धरून आहेत.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना शेवाळच म्हणतो. इथे दगडावरच्या मखमली वनस्पतीला मॉस म्हटलं आहे आणि पाण्यात किंवा काचेवर धरणाऱ्या हिरव्या थराला शेवाळ.

ॲक्वेरियम, टेरारियम आणि पॅल्युडेरियम यांत फरक काय?

ॲक्वेरियममध्ये सगळं पाणी, टेरारियममध्ये सगळी जमीन. पॅल्युडेरियममध्ये दोन्ही असतात, पण खरी मजा मधल्या पट्ट्यात असते. ‘पालुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ दलदल, त्यावरून हे नाव आलं. पेटीत अर्धं पाणी आणि अर्धी कोरडी कुंडी ठेवली तर ते पॅल्युडेरियम होत नाही. काठ ओला हवा, आणि त्या ओल्या काठावर झाडं हवीत.

पहिल्यांदाच करतोय. किती मोठी पेटी घेऊ?

वर दिलेलं माप चांगलं आहे. त्यात १२ सेंटिमीटर पाणी भरलं तर हिशेबाने २१ लिटरच्या थोडं वर येतं. दगड आणि जमिनीचे पाय जागा खातात, म्हणून प्रत्यक्षात साधारण १५ लिटर पाणी राहतं. याहून कमी पाणी सांभाळणं नवख्याला अवघड जातं, कारण एक पान कुजलं तरी पाण्याची प्रत लगेच बदलते.

उंचीत काटकसर करू नका. ३० सेंटिमीटरच्या पेटीत पाणी आणि जमीन धरली की झाडांना वीतभरही जागा उरत नाही.

वजनाचाही विचार करा. ५ मिलिमीटर जाडीच्या काचेची ही पेटी रिकामी असतानाच १२ किलोंच्या आसपास भरते. पाणी, दगड आणि खडी धरली तर एकूण ४५ किलोंच्या घरात जातं. लाकडी भुसा दाबून केलेल्या फळीचं टीव्ही युनिट यासाठी घेऊ नका, कारण ओल लागली की ती फळी फुगते. भक्कम लाकडी किंवा लोखंडी टेबल घ्या, त्यावर फोमची पातळ शीट अंथरा आणि मग पेटी ठेवा. पेटी समपातळीत आहे ना, हे गवंड्याकडच्या लेव्हलने तपासा. पाणी भरल्यावर ती सरकवता येत नाही.

पेटी घरीच चिकटवता येईल का?

येईल. काचवाल्याकडून पाच तुकडे कापून घ्या आणि कडा घासून मागा. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नका, त्यातली रसायनं पाण्यातल्या जिवांना बाधतात. चिकटवल्यावर आठवडाभर हात लावू नका. मग पेटी बाहेर ठेवून दोन दिवस पाणी भरून पाहा. ५ मिलिमीटरची काच पाच-सहा इंच पाण्यासाठी आहे. पुढे हीच पेटी काठोकाठ भरून मासे ठेवू, असा विचार असेल तर काच जाड लागेल.

जमिनीचा भाग कसा उभा करायचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला मार्ग दगडांचा. मागच्या बाजूला दगड रचत न्यायचे, पाण्याच्या वर आणायचे आणि फटींत झाडं लावायची. हा सोपा आणि टिकाऊ प्रकार आहे. मात्र मोठे दगड थेट काचेवर टेकवू नका, खाली प्लास्टिकची जाळी किंवा फोम ठेवा.

दुसरा मार्ग काचेच्या पट्टीचा. पेटीत मध्येच १२-१५ सेंटिमीटर उंच काच चिकटवायची, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला माती. दिसायला हे सोपं वाटतं, पण मातीच्या बाजूला फवारणीचं पाणी साचतं, निचरा होत नाही आणि दोन महिन्यांत कुबट वास येऊ लागतो. मी हा मार्ग सुचवत नाही.

तिसरा मार्ग उचललेल्या जमिनीचा, आणि माझा कौल यालाच. पीव्हीसी पाइपचे १५-१६ सेंटिमीटरचे तुकडे पाय म्हणून उभे करा. प्रत्येक पायाला तीन-चार भोकं पाडा, म्हणजे आत पाणी कोंडत नाही. वर भाजीच्या क्रेटची जाळी कापून बसवा आणि केबल टायने बांधा. जमिनीखालून पाणी मोकळं वाहतं, पाण्याचा साठा वाढतो, पंप लपवायला जागा मिळते. पुढची बाजू दगड आणि लाकडाने झाका.

कुठलाही मार्ग घेतला तरी मातीचा तळ आणि पाण्याची पातळी यांत तीन-चार सेंटिमीटर मोकळी हवा ठेवा. माझ्या पहिल्या पेटीत कोकोपीटचं एक टोक पाण्याला टेकलं होतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी कोकोपीटमध्ये चढत राहिलं. महिन्याभरात सगळी जमीन चिखल झाली, नेचे मुळापासून सडले आणि पाणी चहासारखं झालं. सगळं उपसून पुन्हा सुरुवात करावी लागली. मॉसचं किंवा कापडाचं टोक पेटीच्या काठावरून बाहेर लोंबलं तर त्याच वाटेने थेंब थेंब पाणी टेबलावर उतरतं, तेही तपासा. म्हणून कागदावर चित्र काढताना सुंदर कोपऱ्याच्या आधी पाणी कुठून कुठे जाणार याचे बाण काढा.

माती कोणती वापरू?

बागेतली माती नको, शेणखत नको, गांडूळखत तर अजिबात नको. त्यातली अन्नद्रव्यं पाण्यात उतरली की पेटीभर शेवाळ माजतं आणि मासे असतील तर अमोनियाने मरतात.

जाळीवर आधी विटांचे किंवा जुन्या कौलांचे सुपारीएवढे तुकडे दोन-तीन सेंटिमीटर पसरा. मातीचे भाजलेले गोळे मिळाले तर वजनाने हलके पडतात. त्यावर मच्छरदाणीची नायलॉन जाळी अंथरा. मग नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोकोपीट आणि थोडा लाकडी कोळसा यांचं मिश्रण घाला. कोकोपीटमध्ये बहुतेक वेळा क्षार असतात, म्हणून साध्या पाण्यात तीन-चार वेळा भिजवून पिळून घ्या. पाण्याच्या तळाशी धुतलेली जाड वाळू किंवा बारीक खडी पुरते.

दगड आणि लाकूड कुठलं चालेल?

आपला काळा पाषाण उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. संगमरवर आणि चुनखडी टाळा, त्याने पाणी जड होतं. शंका असेल तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसला तर नको.

कोकणातला जांभा मला जमिनीच्या भागात फार आवडतो. तो सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो आणि त्यावर मॉस सहज बसतं. पाण्यात मात्र त्याची तांबडी भुकटी सुटत राहते, म्हणून तो पाण्याच्या रेषेच्या वरच ठेवा.

लाकूड पूर्ण वाळलेलं, साल काढलेलं हवं. वड, उंबर, रुई अशी चिकाची झाडं आणि विषारी कण्हेर यांचं लाकूड घेऊ नका. विकतचं ड्रिफ्टवुड असलं तरी उकळून, मग आठवडाभर बादलीत बुडवून ठेवा. पाणी तपकिरी होतं, त्याने अपाय होत नाही.

मागची भिंत कशी करू?

कोरड्या काचेवर पीयू फोम मारा, दोन दिवस कडक होऊ द्या, चाकूने कातळासारखा कोरा, वर सिलिकॉन फासून कोरडं कोकोपीट दाबा. फोम फुगताना त्यात प्लास्टिकच्या छोट्या कुंड्या खोचल्या तर झाडांसाठी कप्पे तयार होतात. फोम नको असेल तर काथ्याची जाड चटई सिलिकॉनने चिकटवा. ती काही वर्षांनी कुजते, पण तोवर झाडांची मुळं भिंत धरून बसलेली असतात.

धबधबा हवाच का? पंप किती ताकदीचा?

धबधबा हौसेचा, पण पाणी हलतं ठेवणं गरजेचं. तासाला २००-३०० लिटर फेकणारा छोटा पाण्यात बुडणारा पंप पुरतो. त्याच्या तोंडाशी स्पंज लावला की तोच गाळणीचं काम करतो. नळी मागून वर न्या आणि पाणी धो धो न पाडता दगडावरून झिरपत येऊ द्या. ओढ्याचा काठ तसाच ओला असतो, आणि आवाजही मंद राहतो.

विजेबाबत दोन नियम पाळा. प्रत्येक वायर प्लगला पोचण्याआधी खाली झोळ घेऊन जाऊ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोळातून खाली पडतं. आणि त्या लाइनवर विजेची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर असू द्या. पाण्यात हात घालताना सगळे प्लग काढा. वीज गेल्यावर वरच्या कप्प्यांतलं पाणी खाली येतं, ते मावेल इतकी जागा खाली ठेवा.

नळाचं पाणी चालेल का?

पाण्याच्या भागात चालेल. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं तर क्लोरीन उडतं. घाई असेल तर ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन वापरा. बोअरिंगचं पाणी दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी जड असतं, ते नळाच्या किंवा आरओच्या पाण्यात मिसळून घ्या.

फवारणीसाठी मात्र आरओचं किंवा पावसाचं पाणीच वापरा. नळाच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात आणि मॉसची टोकं क्षारांनी करपतात. मी जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ देतो, म्हणजे गच्चीवरची धूळ निघून जाते. मग बादल्या लावतो. बंद कॅनमध्ये अंधारात ठेवलेलं हे पाणी अनेक महिने पुरतं. एसीतून टपकणारं पाणी नको, त्यात तांब्याच्या कॉइलचा अंश असू शकतो आणि पुढे पेटीत ठेवायच्या कोळंबीला तांबं विषासारखं आहे.

कोणतं झाड कुठे लावू?

पाण्यापासून वर चढत जाऊ.

पाण्याच्या तळाशी क्रिप्टोकोरीन. श्रीलंकेची क्रिप्टोकोरीन वेंडटाय सगळीकडे मिळते आणि कमी उजेडात तगते. नवीन जागी ती अनेकदा सगळी पानं गाळते. अशा वेळी मुळं उपटू नका, तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात. बुडलेल्या लाकडावर जावा फर्न आणि अनुबियास बांधा. या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर सडतं, म्हणून दोऱ्याने बांधा किंवा फेव्हिक्विकसारख्या गोंदाच्या थेंबाने चिकटवा. वाळल्यावर हा गोंद पाण्यात निरुपद्रवी असतो.

काठावर आपली नीरब्राह्मी. मांसल छोटी पानं, फिकट पांढुरकी फुलं, आणि फांदी पाण्यात शिरली तरी वाढत राहते. नर्सरीत ‘ब्राह्मी’ मागितली की पुष्कळदा गोल पानांची मंडूकपर्णी हातात देतात. तीही ओल्या काठावर छान पसरते, पण पाण्याखाली टिकत नाही, त्यामुळे घेताना पान पाहून घ्या. दोघींना उजेड भरपूर लागतो. लॅजेनँड्रा मीबोल्डाय ही पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली वनस्पती हल्ली लागवड केलेली विकत मिळते. मुळं पाण्यात आणि पानं हवेत अशी ती सर्वांत सुंदर दिसते. काठासाठी एकच झाड निवडायचं असेल तर मी हिला निवडेन.

जमिनीवर फिटोनिया, सेलाजिनेला आणि हंसराज. हंसराजला दमट हवा हवी, पण मुळाशी साचलेलं पाणी खपत नाही. त्याला सर्वांत उंच, निचऱ्याच्या कप्प्यात जागा द्या.

भिंतीवर जावा मॉस. ते कात्रीने बारीक चिरून, पाण्यात कालवून, ब्रशने जांभ्यावर किंवा काथ्यावर थापा. पहिला महिना ते वाळू देऊ नका. फायकस प्युमिला ही वेलही भिंत झपाट्याने झाकते, मात्र दर महिन्याला कापली नाही तर बाकीच्यांना गिळते.

मागच्या कोपऱ्यात सिंगोनियम किंवा मनी प्लांटची एक फांदी, मुळं थेट पाण्यात सोडून. पाण्यातलं नायट्रेट ही मुळं शोषून घेतात, शेवाळ आपोआप कमी होतं. या झाडांच्या चिकाने तोंडाला आणि त्वचेला आग होते, म्हणून कापल्यावर हात धुवा आणि लहान मुलांना दूर ठेवा.

अळू आणि मोठं वेखंड लावायचा मोह होतो, पण ६० सेंटिमीटरच्या पेटीत ती मावत नाहीत.

नर्सरीतून आणलेलं रोप थेट लावू का?

नको. माती पूर्ण धुवा, खताच्या पिवळ्या किंवा निळ्या गोळ्या असतील तर वेचून काढा आणि रोप दोन-तीन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा. त्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं आणि कोळंबी त्याने एका रात्रीत मरते. घरीही पेटीच्या आसपास निंबोळी तेल किंवा डासांचा स्प्रे मारू नका.

लावलेली पाणवनस्पती विरघळून गेली. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. दुकानातल्या पुष्कळ पाणवनस्पती हवेत वाढवलेल्या असतात. पाण्याखाली गेल्यावर हवेतली पानं गळतात आणि पातळ, नवी पानं फुटतात. कुजलेली पानं काढून टाका आणि थांबा.

कासला किंवा आंबोलीला जातोय. थोडं मॉस आणू का?

कृपा करून आणू नका. हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो आणि माझं उत्तर बदलत नाही.

पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत कास आहे. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात आणि राखीव वनात झाड उपटणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ते रोप तुमच्याकडे जगणार नाही. सीतेची आसवं आणि दवबिंदू ही तिथली छोटी रोपं सड्यावरच्या जेमतेम मातीत, पावसाच्या लयीवर जगतात. पाऊस संपला की त्यांचा हंगाम संपतो, आणि पेटीत बारमाही ओल असते.

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी मंदिराचं कुंड आहे. तिथे सापडलेल्या छोट्या माशाचं ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव २०२० साली जगापुढे आलं आणि २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढ्याशा कुंडात एक अख्खी प्रजाती सापडते. तिथल्या ओढ्यातून उचललेल्या मूठभर मॉसमध्ये काय काय राहत असेल, याचा विचार करा. फोटो काढा, दगडांचा कल पाहा, कुठलं झाड पाण्यापासून किती अंतरावर आहे ते वहीत टिपा. माझ्या पेटीतली मांडणी अशाच टिपणांतून आली आहे. मॉस स्वतःच्या इमारतीच्या कंपाउंडच्या भिंतीवर पावसाळ्यात मुबलक मिळतं.

उजेड किती हवा?

साधारण १५-२० वॉटचा पांढरा एलईडी, ६५०० केल्विनचा, रोज आठ तास, टायमरवर. शेवाळ वाढलं तर सहा तासांवर आणा. खिडकीतलं थेट ऊन नको. बंद काचेत तासाभरात झाडं शिजतात.

एप्रिल-मेमध्ये काय करू?

झाकण पूर्ण बंद ठेवू नका. दोन भागांच्या काचेच्या झाकणात दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा, फटीवर जाळी लावा आणि दुपारी १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा चालवा. पाणी उडताना पेटी दोन-तीन अंश थंड होते. दिवा संध्याकाळी लावा. विदर्भ-मराठवाड्यात मॉस भिंतीवर वाचवणं खरंच कठीण जातं. तिथे ते पाण्याच्या रेषेलगत ठेवा, वरच्या भागात सिंगोनियमसारखी काटक झाडं लावा. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला, कारण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात.

मुंबई-कोकणात जुलैमध्ये उलट अडचण येते. तेव्हा फवारणी जवळजवळ बंद करा आणि फट मोठी करा.

लाकडावर पांढरी बुरशी आली.

पहिल्या महिन्यात येतेच. ब्रशने काढा, हवा खेळती ठेवा. कुंडीखाली दमट जागी उड्या मारणारे बारीक पांढरे किडे दिसतात, ते स्प्रिंगटेल. ते बुरशी खातात, चमचाभर पेटीत सोडा.

डास होतील का?

पाणी उघडं आणि स्थिर असेल तर नक्की होतील. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. पंप चालू ठेवा, झाकणाच्या फटीला जाळी लावा. पाण्यात एक फायटर मासा असेल तर अळी उरत नाही. पानांच्या बेचक्यात पाणी साठवणारं ब्रोमेलियाड लावू नका. तिथे मासा पोचत नाही आणि एडिसला तीच जागा आवडते.

मासे कधी सोडू? बेडूक किंवा कासव ठेवता येईल का?

आधी चार ते सहा आठवडे फक्त झाडं. या काळात स्पंजमध्ये आणि खडीत जिवाणू तयार होतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा.

१५ लिटरमध्ये एक फायटर, किंवा आठ-दहा चेरी कोळंबी. दोन्ही एकत्र ठेवली तर फायटर पिल्लं खातो. थंडीत पुण्या-नाशिककडे फायटरला छोटा हीटर लागतो, कारण त्याला २४ अंशांच्या वर पाणी हवं. डेनिसन बार्ब मागू नका. तो पश्चिम घाटातला धोक्यात आलेला मासा आहे, बोटाएवढ्यावर थांबत नाही आणि त्याला लांब, वाहती टाकी लागते.

बेडूक पकडून आणू नका. लाल कानाचं कासव नाण्याएवढं विकतात, पण ते ताटाएवढं होतं आणि सगळी झाडं उपटतं. तारा कासव तर कोरड्या माळावरचं आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते पाळता येत नाही. नको झालेला मासा किंवा छाटलेली पाणवनस्पती नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नका. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलं ते आपण रोज पाहतो. छाटणी वाळवून कचऱ्यात टाका, मासा दुकानात परत द्या.

दर आठवड्याला किती काम पडतं?

अर्धा तास. तीन-चार लिटर पाणी नळीने काढून ताजं भरायचं, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, पिवळी पानं तोडायची, पुढची काच पुसायची. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात.

दिवाळीत दहा दिवस गावाला जायचंय.

निर्धास्त जा. निघण्याआधी पाणी बदला, पातळी पूर्ण करा, दिवा सहा तासांवर आणा, झाकणाची फट अर्धी करा. कोळंबी आणि गोगलगाय शेवाळावर राहतात. धडधाकट फायटर आठवडाभर उपाशी राहू शकतो, त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांकडे दोन-दोन दाण्यांच्या पुड्या बांधून द्या. अख्खा डबा देऊ नका, प्रेमापोटी जास्त घातलं जातं आणि पाणी नासतं.

फोटोंतल्यासारखं भरगच्च कधी दिसेल?

पहिले दोन महिने पेटी ओकीबोकी दिसते, आणि याच काळात लोक जादा रोपं कोंबतात. तिसऱ्या महिन्यात मॉसची नवी टोकं दिसू लागतात, नीरब्राह्मी पाण्यात उतरते. सहाव्या महिन्यात कात्री काढावी लागते. वरून सुरुवात करा, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त छाटू नका, आणि फायकसला सर्वांत आधी आवरा. नीरब्राह्मीच्या छाटलेल्या फांद्या ओल्या वाळूत खोचल्या की आठवड्याभरात मूळ धरतात.